मेन स्विच एक दिवस बंद करून बघ, मग खरेदी कर

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही साखळीजवळ राहतो, घरापासून वाळवंटी नदी चालत पाच मिनिटांवर. नवरा बोटीवर असतो, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. घरात मी, सासूबाई वय 72, त्यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं, आणि दोन मुलं, मोठी सातवीत आणि धाकटा तिसरीत. गेल्या पावसात सलग दोन रात्री लाईट नव्हती, पंप बंद, फोन डेड, आणि फ्रीजमधलं इन्सुलिन खराब होईल म्हणून मी रात्रभर जागी. आता मे संपत आला की पोटात गोळा येतो. नवरा तिकडून व्हिडिओ पाठवत असतो, 60 हजारांचं पॉवर स्टेशन, म्हणजे मोठी बॅटरी, मागव, तीन महिन्यांचं रेशन भर, तयार इमर्जन्सी बॅग मिळते ती घे. सासूबाई म्हणतात आम्ही काय ह्या सगळ्याशिवाय पावसाळे काढले नाहीत? माझ्या हातात दहा-बारा हजार आहेत. सुरुवात कुठून करू? की मी उगाच घाबरतेय?
– एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर

बाये, तू उगाच घाबरत नाहीयेस, हे आधी सांगते. नदीकाठचं घर, घरात इन्सुलिनवरचं माणूस, दोन लहान मुलं आणि जबाबदारी घ्यायला एकटी तू, ह्यात ज्याला काळजी वाटणार नाही त्याला परिस्थिती समजलीच नाही असं मी म्हणेन. 23 जुलै 2021 चा पूर तुला आठवत असेल, सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, कितीतरी घरं पाण्यात गेली, मातीच्या भिंती कोसळल्या. आणि त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं तेव्हा पूर नव्हता पण झाडं आणि खांब पडून लाईट गेली, लाईट गेली म्हणून पाण्याचे पंप बंद, आणि लोकांच्या घरी नळ कोरडे. म्हणजे आपल्याकडे संकट एकटं येत नाही, एक गोष्ट बंद पडली की तिच्या मागोमाग दुसरी पडते, आणि तयारी करताना हीच साखळी डोळ्यासमोर ठेवायची असते.

आता सुरुवात कुठून. अजून काहीच विकत घेऊ नको. येत्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता घरचा मेन स्विच बंद कर, टाकीचा कॉक बंद कर आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तसंच राहा. मुलांना आधी सांग, सासूबाईंना सांग, आणि फ्रीजमधलं इन्सुलिन त्या दिवसापुरतं शेजारच्या घरी ठेव म्हणजे त्याची चिंता नको. मग एक वही घे आणि जे जे अडलं ते लिहून काढ. बॅटरी कुठे आहे ते सापडलं नाही, लिही. संडासाला पाणी पुरलं नाही, लिही. धाकटा रात्री उठला आणि काळोखात रडला, लिही. मिक्सर नाही म्हणून वाटण झालं नाही, तेही लिही. रविवारी रात्री तुझ्या हातात जी यादी असेल ती तुझ्या घराची यादी असेल, व्हिडिओवाल्याच्या घराची नव्हे. त्या तयार बॅगेत शिट्टी आणि होकायंत्र असतं पण सासूबाईंच्या सुया नसतात.

यादीत काय काय येईल त्याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे, म्हणून एकेक सांगते, आणि इन्सुलिनपासूनच सुरू करते कारण तुझ्या घरात सगळ्यात नाजूक जागा तीच आहे.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं, हे तुला माहीत आहे. पण जी बाटली किंवा पेन वापरात आहे ते बहुतेक प्रकारचं इन्सुलिन 25 ते 30 डिग्रीच्या आत, उन्हापासून लांब, साधारण चार आठवडे बाहेर टिकतं. नेमके दिवस कंपनीप्रमाणे बदलतात, आतल्या कागदावर लिहिलेले असतात, ते वाच आणि डॉक्टरांना एकदा विचारून वहीत लिहून ठेव. म्हणजे त्या दोन रात्री तू जागलीस तेव्हा वापरातल्या इन्सुलिनला बहुधा काही झालं नसेल, पावसात आपल्याकडे रात्रीचं तापमान 24-25 च्या आसपास असतं. फ्रीजचं दार उघडलं नाही तर आत चारेक तास थंडावा राहतो, तेव्हा लाईट गेली की पहिलं काम म्हणजे दार न उघडणं, मुलांनाही हेच शिकव. त्यानंतर न उघडलेल्या बाटल्या थर्मासमध्ये किंवा जाड थर्माकोलच्या डब्यात, बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून, आणि बाटली बर्फाला अजिबात टेकू द्यायची नाही. इन्सुलिन गोठलं तर ते वितळवून वापरायचं नाही, सरळ फेकायचं. लोक ओल्या मातीच्या मडक्याचा उपाय सांगतात, तो चांगला आहे, पण तो पाणी सुकण्यावर चालतो आणि जुलैत आपल्याकडची हवा इतकी दमट असते की पाणी सुकतच नाही, म्हणून मडकं एप्रिल-मे मध्ये कामाचं, भर पावसात त्याच्यावर विसंबू नको.

आणि इन्सुलिन खराब होण्यापेक्षा एक मोठा धोका आहे ज्याकडे कोणी बघत नाही. इंजेक्शन घेतलं आणि गडबडीत जेवणच झालं नाही. पुराच्या रात्री, सामान उचलताना, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर नेमकं हेच होतं आणि साखर एकदम उतरते. घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं तू आणि मोठीने दोघींनी ओळखली पाहिजेत. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायचं, आणि सुधारलं नाही तर परत द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून 108 ला फोन. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, मीटरचा जादा सेल, सुया, आणि निदान दोन आठवड्यांचं जादा इन्सुलिन जूनच्या आधी घरात हवं, डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी घे. डोस किती, किती वाजता, कुठलं औषध, हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्याचा एक फोटो पर्वरीच्या किंवा पणजीच्या एखाद्या नातेवाईकाच्या फोनवरही असू दे, कारण तू बरोबर नसशील तेव्हा साखळीच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, हा कागदच तुझ्या जागी बोलणार.

पाणी. चार माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला 20 लिटर धर, तीन दिवसांचे 60. म्हणजे 20 लिटरचे तीन कॅन, खाली नळ असलेले, बस. हे वर्षभर भरून ठेवायची गरज नाही, हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की धुऊन भरायचे, आणि तो पाऊस गेला की वापरून टाकायचे. अंघोळ, भांडी, संडास ह्यासाठी टाकी संध्याकाळी भरलेली असावी आणि पागोळ्यांखाली दोन टब लावले की जुलैत संडासाच्या पाण्याची चिंता करायचं कारणच नाही. पुराशिवायही पाणी जातं हे लक्षात ठेव, ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारला पाइपलाइन फुटली आणि फोंडा नि तिसवाडीतले लोक कितीतरी दिवस टँकरच्या मागे धावत होते.

तुमच्याकडे बांय, म्हणजे विहीर, असेल, त्या भागात बऱ्याच घरांना असते. पण पंप बसवल्यावर रहाट काढून टाकला असेल, दोर कुजला असेल, बरोबर ना? हे गोव्यातल्या घराघरात झालंय, वीस फुटांवर पाणी आहे आणि लाईट गेली की वर आणायला काही नाही. कप्पी, नायलॉनचा चांगला दोर आणि एक कळशी, ह्याला फार पैसे लागत नाहीत आणि माझ्या मते पूर्ण यादीतली ही सगळ्यात वसूल खरेदी. फक्त पुराचं पाणी बांयेत गेलं असेल किंवा काठापर्यंत चढलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही, आजूबाजूच्या संडासांच्या सोकपिटांचं सगळं त्यात मिसळलेलं असतं. आरोग्य केंद्राला कळवून ब्लीचिंग पावडर टाकून घ्यायची, तोवर पिण्याला दुसरं पाणी. साध्या गढूळ पाण्यासाठी आधी जाड कापडाने गाळणं आणि मग खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू देणं. क्लोरीनच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, एक पाकीट ठेव, गॅस संपला तर उपयोगी, त्यावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. आणि ओआरएसची पाकिटं ठेवच, नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजून, अंदाजाने नको.

लाईटचं आता हिशेबाने बोलू, कारण इथेच लोकांचे पैसे जातात. दोन पंखे, तीन एलईडी बल्ब आणि एक राउटर मिळून 180 वॅट धर. साधा इन्व्हर्टर 150 एएचच्या बॅटरीवर हे सगळं सहा-सात तास ओढतो, नवीन असेपर्यंत. म्हणजे एका रात्रीचं काम होतं, दोन रात्रींचं नाही, आणि फ्रीज जोडलास तर त्याहून कितीतरी कमी. 60 हजारांच्या पॉवर स्टेशनचंही गणित ह्याच्यापेक्षा फार वेगळं नाही, सोलर पॅनेल जोडलं तरी जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं. इन्व्हर्टर वाईट नाही, पैसे जमले की जरूर घे, पण पहिली खरेदी ती नव्हे. तुझ्या बजेटमध्ये होल्डरला लावायचे चार्जिंगवाले बल्ब तीन, ते लाईट गेल्यावर आपोआप तीन-चार तास चालतात, डोक्याला बांधायची एक टॉर्च कारण तुला दोन्ही हात मोकळे लागणार, आणि 10,000 एमएएचचे दोन पॉवर बँक. 10,000 लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच मिळतात, आताचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा चार्ज होईल एवढंच. दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही चार्ज करायचे, ही जबाबदारी मोठ्या मुलीला दे. मेणबत्त्या शक्यतो नकोत, लहान मुलं आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात रात्री पेटती मेणबत्ती ठेवून झोप लागते आणि मग वेगळंच संकट. शेजारी कोणी जनरेटर लावत असेल तर तो घराबाहेर, खिडकीपासून दूर, त्याचा धूर वास न येता माणूस मारतो.

फोनबद्दल एक. टॉवरसुद्धा बॅटरीवर असतात, काही तासांनी तेही मान टाकतात, त्यामुळे रेंज जाणार हे धरूनच चाल. तुझा नवरा बोटीवर, त्याला तू थेट लागणार नाहीस आणि तो तिकडे वेडा होणार. तेव्हा दूरचा एक माणूस ठरवा, तुझा दीर असो की भाऊ, सगळ्यांनी निरोप त्याच्याकडेच द्यायचा आणि त्याच्याकडूनच घ्यायचा. कॉल लागत नसला तरी एसएमएस कधीकधी निघून जातो. 108, 112, अग्निशमन दलाचा 101, वीज खात्याचा 1912, गॅस गळतीचा 1906, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077, आणि तुमच्या पंचाचा, लाइनमनचा नंबर, हे कागदावर लिहून फ्रीजच्या बाजूला चिकटव, फोन बंद असताना फोनमधले नंबर कोणाच्या कामाचे.

खाण्याचं तुला मी काय सांगू, ते तुझ्या सासूबाईंना विचार आणि इथे त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. मे महिन्यात पुरुमेंत भरायची आपली पद्धत म्हणजे दुसरं काय होतं? उकडे तांदूळ, सुकी मिरची, चिंच, सोलां, मीठ, खोबरं, सुके बांगडे नि सुंगटं, फणसाच्या बिया, आंब्याचं साट, पापड, लोणचं, चार महिने बाजार गाठता आला नाही तरी चूल पेटती राहायची. मार्च 2020 मध्ये एकदम सगळं बंद झालं, गोव्यात काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती, तेव्हा ज्यांच्या माळ्यावर हे होतं त्यांची निदान जेवणाची धांदल झाली नाही. तीन महिन्यांचं रेशन भरायची गरज नाही, दमट हवेत किडे-बुरशीला ते खायला घालशील, पण रोजच्या खाण्यातलंच दोन-तीन आठवडे पुरेल एवढं नेहमी असू दे, नवीन मागे आणि जुनं पुढे. पुराच्या दिवसासाठी न शिजवता चालणारं वेगळं काढ, फोव म्हणजे पोहे, गूळ, चणे, बिस्किटं, केळी. सासूबाईंचं पथ्य धरून. गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला असावा, आणि पाणी घरात येतंय असं दिसलं की रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवायचा, नाहीतर तो तरंगत जातो.

आता नदी. ह्याचं ठरवणं तुला आजच करायला हवं कारण त्या रात्री ठरवता येत नाही. 24 तासांत 64.5 मिमीपेक्षा जास्त म्हणजे जोरदार, 115.6 च्या पुढे अति जोरदार, आणि 204.4 च्या पुढे गेला की रेड अलर्टचा पाऊस. पण तुला आकड्यापेक्षा आपल्या अंगणातली खूण महत्त्वाची. वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचार की पाणी पूर्वी कुठवर आलं होतं, 2021 मध्ये कुठवर आलं, आणि त्याच्या कितीतरी खाली एखादी पायरी, एखादा माड, पुलाचा खांब नक्की कर, पाणी तिथे लागलं की निघायचं, अजून थोडं बघू म्हणायचं नाही. सत्तरीत वरती पाऊस कोसळत असला, अंजुणे धरणाचे दरवाजे उघडणार अशी सूचना आली, आणि खाली मांडवीला भरती असली, तर इकडे पाऊस थांबलेला असतानाही नदी चढते. 2 ऑक्टोबर 2009 ला काणकोणात पाणी किती झपाट्याने आलं ते लोक अजून सांगतात. म्हणून शक्यतो उजेडात निघायचं. सासूबाईंना चालायला किती वेळ लागतो ते एकदा प्रत्यक्ष बघून ठेव, उंचावरच्या कोणाच्या घरी जायचं ते त्यांना आधी विचारून ठेव, आणि स्कूटरमध्ये पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको. वाहत्या पाण्यातून जायचं नाही, घोट्याच्या वर असलं तरी, चारचाकीतून तर नाहीच. निघताना मेन बंद, पण मेनपर्यंत जायला पाण्यात उभं राहावं लागत असेल तर हात लावायचा नाही.

बॅगेसाठी मुलांची जुनी दप्तरं पुरेत. आत औषधं आणि तो कागद, आधार, रेशनकार्ड, घराचे कागद, पासबुक ह्यांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, एक-एक जोडी कपडे, सॅनिटरी पॅड, चार्जर, आणि रोख दोन-तीन हजार, सुट्टे, शंभर-पन्नासच्या नोटांत, लाईट नसली की जीपे चालत नाही आणि एटीएमही नाही. जायच्या आधी, म्हणजे आत्ताच जूनपूर्वी, घरातल्या प्रत्येक खोलीचा, फ्रीजचा, पंपाचा फोटो काढून ठेव, नंतर तलाठी पंचनाम्याला आले की दाखवायला हवे.

पाणी ओसरल्यावर लोक निर्धास्त होतात आणि खरं आजारपण तेव्हाच येतं. चिखल काढताना पायात गमबूट हवेत, हाताला ग्लोव्हज, जखम असेल तर त्या पाण्यात उतरूच नको, उंदरांच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो. पुढच्या महिनाभरात ताप, अंग दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर घरी पॅरासिटामॉल घेत बसायचं नाही, डॉक्टरांना पुरात उतरलो होतो हे आधी सांगायचं. आणि सापडतील तिथे साप. पुरात ते कोरडी जागा शोधत घरात, लाकडांत, चपलांत शिरतात. पावसाळ्यात मुलांना जमिनीवर झोपवू नको, मण्यार रात्री चावते आणि कळतही नाही. चावलाच तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं काही नको, तो पाय हलवू न देता लगेच सरकारी हॉस्पिटल, औषध तिथेच आहे.

तुझ्या दहा-बारा हजारांचं म्हणशील तर क्रम असा ठेव, आधी इन्सुलिन, पट्ट्या आणि थर्मास, मग कॅन आणि बांयेचा दोर, मग बल्ब, टॉर्च, पॉवर बँक, मग गमबूट. माझ्या अंदाजाने ह्यात पैसे थोडे उरतील, ते त्या सुट्ट्या नोटांत ठेव. आणि एक गोष्ट जिला पैसे लागत नाहीत, शेजारच्या दोन घरांत जाऊन बोल. कोणाकडे गाडी आहे, कोणाकडे जनरेटर आहे, कोणाच्या घरी रात्री पुरुष माणूस असतो, आणि सासूबाईंना उचलायची वेळ आली तर कोण येईल, हे नावानिशी ठरव. त्यांनाही सांग की तुझ्याकडे काय आहे. चवथीला गणपतीच्या वरची माटोळी बांधायला जे लोक न बोलावता येतात तेच पुरात येतात, पण पुराच्या रात्री त्यांना तुझ्या घरात इन्सुलिनवरचं माणूस आहे हे माहीत असावं लागतं.

नवऱ्याला लिही की पॉवर स्टेशन मागवू नको. तो रजेवर येईल तेव्हा त्याने तीन कामं करावीत. खालचे प्लग आणि पंपाचा स्टार्टर पुराच्या खुणेच्या वर चढवून घ्यायचे, लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, आणि त्याचवेळी 30 एमएचा आरसीसीबी बसवून घ्यायचा म्हणजे ओल्या भिंतीतून करंट आला तर लगेच ट्रिप होईल. छपरावर आलेला फणस किंवा माड धोक्याचा असेल तर छाटून घ्यायचा, आणि फांद्या तारांना लागत असतील तर स्वतः कोयता न लावता वीज खात्याला अर्ज द्यायचा, पावसाआधी ते करतात. तिसरं, फ्रीज आणि तांदळाचं पिंप ठेवायला चिऱ्यांचा दोन फूट उंच ओटा. तो येईपर्यंत जून उजाडत असेल तर आरसीसीबीचं काम तू आताच बोलावून करून घे, त्याला थांबायचं नाही.